तीस दिवसांत एकच निरंक

१

कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना हजेरीबाईंनी सवयीने आधी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी. मग त्यांची नजर फाटकावरच्या मोठ्या फळ्याकडे गेली आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

'अपघाताविना दिवस : १०००.'

आज तीन तारीख. गेल्या महिन्याच्या तीस तारखेला, सकाळच्या पाळीत, याच रंगाच्या कारखान्यात तीन नंबरच्या टाकीच्या झाकणाशी एक माणूस मरून पडलेला सापडला होता. फळ्यावरचा आकडा मात्र एका दिवसानेही अडखळला नव्हता. नऊशे सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव आणि आज हजार. आकड्याच्या चारी बाजूंनी कोणी हौशीने रंगीत फिती लावल्या होत्या. बाईंना त्या फितींचा मनस्वी राग आला.

बाईंनी या फाटकावर एकतीस वर्षं हजेरी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, पण कामगारांच्या तोंडी त्यांचं नाव हजेरीबाईच राहिलं. कोण किती वाजता आला, कोण कोणाच्या आडून सटकला, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. म्हणूनच कंपनीच्या चौकशीत कामगारांच्या बाजूने एक माणूस बसवायचं ठरलं, तेव्हा मेलेल्या माणसाच्या बायकोने दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही.

ती आता फाटकाबाहेर बाकावर बसली होती. तिला आत सोडलं नव्हतं.

"बाई, ते मेले ते मेले," ती सकाळी म्हणाली होती. "पण आज चार वाजता माझ्या दिराला त्याच टाकीत उतरवतायत. साफसफाईला. नाही म्हणालास तर घरी बस, असं सांगितलंय त्याला."

मेलेल्याला कारखान्यात सगळे थोरला म्हणत आणि त्याच्या पाठच्या भावाला धाकटा. धाकटा परवापर्यंत पॅकिंगमध्ये होता. थोरल्याची जागा रिकामी झाली आणि त्याला टाक्यांवर आणलं.

"घरी काही बोलला होता का तो?" बाईंनी विचारलं होतं.

"बोलणारा माणूस होता का तो? शेवटचे दहा-बारा दिवस त्यांची दोन-दहाची बस रोज चुकायची, तेवढं आठवतं. मी भांडले त्यावरून. म्हटलं, पाळी दोनला सुटते, मग तुम्ही कुठे रेंगाळता? तर म्हणाले, लिहीत होतो. मला वाटलं, थापा मारतायत."

बाईंनी ते ऐकून घेतलं होतं. चारला अजून पाच तास होते.

२

"हे बघा," मॅनेजर म्हणाला, "मी भावनेवर कारखाना चालवत नाही."

त्याच्या केबिनच्या भिंतीवर हातभर रुंदीची स्क्रीन होती. तिच्यावर चार चौकोन, चारही हिरवेगार. टाकी एक : १. टाकी दोन : २. टाकी तीन : १. पंपघर : ४.

"हा आमचा डॅशबोर्ड. कुठल्या जागेबद्दल महिन्यात किती तक्रारी आल्या, ते इथे दिसतं. पाचाच्या वर आकडा गेला की चौकोन लाल होतो आणि ती जागा त्याच क्षणी बंद करायची, हा नियम मीच घातलाय. लाल झाल्यावर मी कोणाचं ऐकत नाही, स्वतःचंही नाही. हा गेल्या महिन्याचा डॅशबोर्ड. तीन नंबरची तक्रार किती? एक."

"आणि माणूस मेला," बाई म्हणाल्या.

"मास्क लावला नाही म्हणून मेला. त्याच दिवशी गॅस मीटर लावून बघितलं, हवा स्वच्छ होती. टाकीत दोष असता तर त्याने महिनाभर बोंब मारली असती ना? एकदा लिहून गप्प बसला असता का?"

बाईंना हा प्रश्न टोचला. थोरल्याला त्या ओळखत होत्या. कार्डावर एका दिवसाची हजेरी चुकली, म्हणून तो माणूस सलग नऊ दिवस खिडकीशी येऊन एकच वाक्य बोलला होता. आवाज चढवायचा नाही, शब्द बदलायचा नाही. दहाव्या दिवशी बाईंनीच कंटाळून कार्ड दुरुस्त केलं होतं. असा माणूस एकदा लिहून गप्प बसेल?

"मूळ तक्रारींची फाइल बघता येईल?"

मॅनेजरने पहिल्यांदा नजर चुकवली. "ती फाइल सापडत नाहीये. एक तारखेला सकाळी गायब झालेली दिसली. ऑफिसातल्या सामाईक कॉम्प्युटरवरून कोणीतरी पुसली. त्यावर आम्ही चौघं बसतो. मी, सेफ्टी ऑफिसर, मुकादम आणि ती आकडेवाली पोरगी. कोणी पुसली हे मला ठाऊक आहे. आकडे तिच्या हातात होते, घोळही तिनेच घातला असणार. पाच वाजता तिला पोलिसांकडे देतोय."

"आणि टाकी?"

"डॅशबोर्ड हिरवा आहे. चार वाजता टाकी साफ होणार. तुम्ही मला चारच्या आत आकडा लाल करून दाखवा, मी टाकीला कुलूप घालतो."

तो हे चिडवण्यासाठी बोलला होता. बाईंनी ते शब्दशः मनात टिपून ठेवलं.

३

आकडेवाली जेमतेम चोवीस वर्षांची होती. तीन दिवसांत तिने धड जेवल्याचं दिसत नव्हतं.

"मावशी, मी फाइल नाही पुसली. आईशप्पथ. मी कशाला पुसू? माझं कामच त्या फाइलवर चालतं."

"मग मला तुझं काम समजावून सांग. मी कॉम्प्युटर बघितलाय तो लांबूनच, हे धरून चाल."

पोरीने कोऱ्या कागदावर रेघा मारल्या. रोज पाळी सुटताना टाकीवरचा माणूस बाहेरच्या कॉम्प्युटरवर एक ओळ भरतो. आधी तारीख आणि पुढे चार खाने, टाकी एक, टाकी दोन, टाकी तीन, पंपघर. तक्रार असेल तिथे तक्रार टाइप करायची. नसेल तर खाना रिकामा ठेवायचा नाही, 'निरंक'चं बटण दाबायचं.

"म्हणजे महिन्याच्या तीस ओळी," बाई म्हणाल्या.

"हो. पण अशा आडव्या शीटवरून मोजणी होत नाही, मावशी. एकाच ओळीत चार जागा येतात ना. म्हणून मी ती उभी करते. प्रत्येक खान्याची वेगळी ओळ. एका कॉलममध्ये जागा, दुसऱ्यात तक्रार. मग कोणत्या जागेच्या किती ओळी, ते कॉम्प्युटर मोजतो आणि डॅशबोर्डवर आकडा येतो. सगळ्या पायऱ्या एकदाच बसवून ठेवल्यात. मी रोज साडेतीनला फक्त बटण दाबते."

"ती उभी केलेली यादी आहे तुझ्याकडे?"

"तेवढीच राहिलीय. तीस तारखेची."

तिने ती उघडली. खरोखरच दोन कॉलम होते, जागा आणि तक्रार. निरंक वगळून आठ ओळी. पंपघराच्या चार होत्या, दिवा गेला, दार लागत नाही, बादली फुटली, पुन्हा दिवा गेला. टाकी तीनसमोर एकच ओळ होती.

'हवापाइपातून हवा जात नाही. झाकणाशी उभं राहिलं की डोकं फिरतं.'

बाईंनी ती दोनदा वाचली. त्यांना थोरला खिडकीशी उभा असल्यासारखा वाटला.

"हे कोणत्या तारखेचं?"

"ते नाही सांगता येणार. तारखेचा कॉलम यात नाहीये. चार महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेब म्हणाले, डॅशबोर्डवर लागत नाही ते काढून टाका, यादी सुटसुटीत करा. म्हणून मी तारीख काढली. तारीख फक्त मूळ फाइलमध्ये असायची."

"तुला आठवते का?"

"मी वाचत नाही हो मावशी. मी फक्त मोजते," पोरगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

बाहेरून धाकटा चालला होता. त्याच्या हातात रबरी बूट होते. साडेबारा झाले होते.

४

मुकादम कपाळाचा घाम पुसत बोलत होता. पंखा त्याच्या थेट डोक्यावर फिरत होता, तरी घाम थांबत नव्हता.

"मला तोंडी म्हणाला होता, नाही कशाला म्हणू? म्हटलं, बाबा, तोंडी चालत नाही आता, कॉम्प्युटरवर लिही. मग लिहायला बसला. एका बोटाने टाइप करायचा, बघणारा दमून जायचा."

"किती वेळा लिहिलं?"

"मी काय त्याच्या पाठीशी उभा होतो? पाळी सुटली की मी सुटलो."

"पहिल्यांदा कधी म्हणाला तुला? तारीख?"

"तारीख-बिरीख मला ठाऊक नाही, बाई. आजची तारीखसुद्धा मी पोरांना विचारतो." मग त्याने आवाज खाली आणला. "तीस तारखेला झाकण सताड उघडं राहिलं होतं, पण परवापासून ते बंद आहे. काल दुपारी टाकी रिकामी केली, तीही झाकण न उघडता. पाइप खरंच तुंबला असेल तर आत काय साठलं असेल, देव जाणे. पण मी बोललो तर मीच सापडेन. मला सगळं ठाऊक होतं, असं म्हणतील."

तीस तारखेला मीटर लावलं तेव्हा झाकण सताड उघडं होतं. हवा स्वच्छ असणारच होती.

सेफ्टी ऑफिसर मात्र अगदी सज्जन माणूस. गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीसाहेब म्हणत. त्याने बाईंना खुर्ची दिली, स्वतः उठून चहा सांगितला. फाटकावरचा फळा त्याच्याच अखत्यारीत होता.

"एवढं झालं आणि फळ्यावर हजार?" बाईंनी विचारलं.

"नियमाप्रमाणे वैयक्तिक निष्काळजीपणा अपघातात धरत नाहीत. मलाही बरं वाटत नाही, बाई. पण माझे हात बांधलेले आहेत."

"त्या मूळ फाइलबद्दल काही सांगाल?"

"मी ती कधी उघडली नाही. माझं काम डॅशबोर्डशी. चौकोन हिरवा तर मी निश्चिंत." त्याने मान हलवली. "फार वाईट वाटतं हो. त्या बिचाऱ्याने अठरा तारखेला एकदा लिहिलं, मग पुन्हा काही म्हणाला नाही. पुन्हा म्हणाला असता तर मी स्वतः पाइप उघडून बघितला असता. त्या पोरीलाही सांभाळून घ्या. लहान आहे, घाबरून फाइल पुसली असेल."

"आत्ता एकदा मीटर लावून बघाल का?"

"तीस तारखेचं रीडिंग आहे की. महिनाभर चालतं ते."

बाई चहा न पिता उठल्या. मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती, पण ती कशावरून, ते त्यांना तेव्हा नीट कळलं नाही. घड्याळात दोनला दहा कमी होते.

५

हजेरीचा एक साधा ठोकताळा असतो. हजर अधिक गैरहजर, बरोबर पट. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी माणूस हरवलाय. एकतीस वर्षं बाईंनी संध्याकाळी हीच बेरीज करून खिडकी लावली होती. आकडेवालीच्या टेबलाशी परत आल्यावर त्यांना तीच आठवली.

"पोरी, तक्रारी दाखवल्यास. आता निरंक दाखव."

"निरंक? ते कोणी मोजत नाही, मावशी."

"मी मोजते. टाकी तीनचे निरंक किती?"

पोरीने यादीतले निरंक लपवणारी गाळणी काढली. स्क्रीनवर पूर्ण यादी आली. सगळ्या मिळून बारा ओळी. तिने टाकी तीनचे निरंक शोधले.

"एक," ती म्हणाली. मग जरा थांबून पुन्हा म्हणाली, "एकच?"

"महिन्याचे दिवस तीस. एक दिवस तक्रार, एक दिवस निरंक. बेरीज दोन. बाकीचे अठ्ठावीस दिवस टाकी तीन कुठे गेली होती?"

पोरीने बाकीच्या जागाही तपासायला घेतल्या. तिने टाकी एक बघितली, टाकी दोन बघितली, पंपघर बघितलं. सगळीकडे निरंक एकेकदाच. तीस दिवसांच्या चार-चार ओळी म्हणजे एकशे वीस व्हायला हव्या होत्या.

"डुप्लिकेट," ती पुटपुटली. "मावशी, मी डुप्लिकेट काढते."

"म्हणजे?"

"लोक कधी कधी बटण दोनदा दाबतात. एकच ओळ दोनदा येते. म्हणून अगदी सारख्या ओळी दिसल्या की कॉम्प्युटर एक ठेवतो आणि बाकीच्या काढतो. पूर्वी ओळीत तारीख असायची. एकाच तारखेची एकच तक्रार दोनदा आली तरच ती निघायची. ते बरोबर होतं. मी तारखेचा कॉलम काढला, पण तो डुप्लिकेट काढण्याच्या आधी काढला." तिने कागदावरची तारीख बोटाने झाकली. "तारीखच नाही म्हटल्यावर आजची ओळ आणि कालची ओळ सारखीच. शब्द तेच असतील तर कॉम्प्युटरला दोन्ही एकच वाटतात. पंपघराच्या चार तक्रारी वेगवेगळ्या होत्या, म्हणून चार मोजल्या. एकदा 'दिवा गेला' आणि एकदा 'पुन्हा दिवा गेला'."

"आणि कोणी रोज तेच लिहिलं असेल तर?"

"कितीही वेळा लिहिलं तरी एकच."

नऊ दिवस शब्द न बदलता खिडकीशी उभा राहणारा माणूस. त्याने शब्द बदलले असते, चिडून एक शिवी जरी जास्त घातली असती, तरी तो मोजला गेला असता.

"म्हणजे मीच मारलं त्यांना," पोरगी म्हणाली.

"तुझी चूक मोठी आहे, मी ती लहान करणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक होता, पण हात पोरीच्या पाठीवर होता. "पण तू फाइल पुसली नाहीस. तुला आत्तापर्यंत चूक झाल्याचं ठाऊकच नव्हतं, मग लपवशील काय? फाइल पुसणाऱ्याने आत उघडून बघितलं होतं."

आणि हे बोलता बोलताच, मघाची पाल कशावरून चुकचुकली होती, ते त्यांना कळलं.

६

हजेरीच्या खिडकीत आता नवी बाई बसत होती. तिने थोरल्याच्या पंचिंगचा कागद काढून दिला. हजेरीबाईंनी चष्मा पुसला आणि बोट ठेवत खाली आल्या.

एक तारखेपासून सतरापर्यंत, बाहेर पडल्याची वेळ दोन वाजून पाच मिनिटं. कधी चार, कधी सहा. अठरा तारखेला दोन बारा. एकोणीसला दोन बारा. वीसला दोन तेरा. चोवीसला त्याची सुट्टी होती. पंचवीसला पुन्हा दोन बारा. एकोणतीसपर्यंत असंच. अठरापासून सुट्टीचा दिवस वगळून अकरा दिवस. निरंकचं बटण दाबायला क्षणही लागत नाही. एका बोटाने दोन वाक्यं टाइप करायला सात मिनिटं लागतात आणि दोन-दहाची बस चुकते.

फक्त एक वेळ वेगळी होती. सत्तावीस तारखेला दोन वाजून एकतीस.

साडेतीन वाजता त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. आकडेवालीने सगळं कबूल करून टाकलं, डुप्लिकेटचं, तारखेच्या कॉलमचं. बाईंनी पंचिंगचा कागद पुढे केला. मॅनेजरने कागदावरच्या वेळांवरून बोट फिरवलं.

"तारखेचा कॉलम मी काढायला सांगितला होता," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"पण माणूस सात मिनिटं उशिरा गेला, ही तक्रार होत नाही, बाई. तो हात धूत असेल, कोणाशी बोलत असेल. यादी चुकीची आहे, हे मान्य. पण म्हणून आकडा अकरा आहे, हे कशावरून? मूळ फाइल नाही. मला आकडा दाखवा."

"फाइल कोणी पुसली ते सांगते. पण इथे नाही. सगळ्यांना टाकीशी बोलवा."

चारला दहा मिनिटं असताना ते टाकीकडे निघाले. धाकटा बूट घालून आधीच उभा होता. त्याच्या कमरेला दोर बांधला होता, गळ्यात जुना कापडी मास्क लटकत होता. बाईंना बघून तो हसला. ते हसणं हुबेहूब थोरल्याचं होतं आणि बाईंना तिकडे बघवेना.

७

तीन नंबरचं झाकण जमिनीपासून कमरेइतकं उंच होतं. लोखंडी, गोल, चार बोल्ट लावून बंद. शेजारी हवापाइप उभा होता. त्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि ते जरासुद्धा हलत नव्हतं.

"शिट्टीसाहेब," बाई म्हणाल्या, "दुपारी तुम्ही मला म्हणालात, थोरल्याने अठरा तारखेला लिहिलं. बरोबर?"

"हो. एकदाच."

"अठरा तारीख तुम्हाला कशी कळली?"

शिट्टीसाहेबाने भुवया उंचावल्या. "यादीत असेल."

"यादीत तारीख नाही. चार महिने झाले, तारखेचा कॉलमच नाही. डॅशबोर्डवरही नाही. तारीख फक्त मूळ फाइलमध्ये होती, आणि तुम्ही ती कधी उघडली नाही म्हणता."

"मग मुकादमाने सांगितलं असेल."

"मी?" मुकादम दोन पावलं पुढे आला. "साहेब, मला आजची तारीख विचारून सांगावी लागते."

शिट्टीसाहेबाचा हात शिट्टीवर गेला आणि तिथेच राहिला.

"सत्तावीस तारखेला थोरला अर्धा तास उशिरा बाहेर पडला," बाई बोलत राहिल्या. "त्या दिवशी तो लिहून झाल्यावर कोणाकडे गेला? मुकादम दोनला निघून जातो. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये त्याला कोणी सोडलं नसतं. तो तुमच्याकडे आला. म्हणाला असेल, साहेब, मी रोज लिहितोय. तुम्ही फाइल उघडलीत आणि तुम्हाला सगळ्या ओळी दिसल्या."

"हे सगळे अंदाज आहेत," शिट्टीसाहेब मॅनेजरला म्हणाला. "साहेब, चार वाजतायत. माणूस उतरवू या. टाकी स्वच्छ आहे."

मॅनेजरने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने दोर घट्ट केला. पान्हा झाकणाच्या पहिल्या बोल्टला लागला.

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. "टाकी स्वच्छ आहे ना? मग त्याच्या आधी शिट्टीसाहेब इथे उभे राहतील. आत उतरायचं नाही. फक्त झाकणाशी, मास्क न लावता, सात मिनिटं. थोरल्याला दोन वाक्यं लिहायला लागायची तेवढीच. उघड रे बोल्ट."

धाकट्याने पहिला बोल्ट काढला. मग दुसरा. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. तिसरा बोल्ट सैल झाला तसा शिट्टीसाहेब मागे सरकला. आधी एक पाऊल, मग तीन, मग तो वळून भिंतीपर्यंत गेला.

"नको," तो म्हणाला. "उघडू नका. त्याला बाजूला घ्या. सगळ्यांनी बाजूला व्हा."

धाकट्याच्या हातातून पान्हा खाली पडला. मॅनेजरने स्वतः त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

पुढचं काम मुकादमाने केलं. हवेच्या नळकांड्याचा पुरा मास्क चढवून, झाकण चार बोटं उचलून त्याने गॅस मीटर दोरीने आत सोडलं. मीटर हातभर आत गेलं असेल-नसेल, तोच ते कर्कश किंचाळू लागलं आणि बाहेर काढलं तरी बराच वेळ थांबलं नाही. धाकटा त्या आवाजाकडे बघत जमिनीवर बसला. आपण तिथे किती क्षण टिकलो असतो, हे त्याला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

"सहा दिवस राहिले होते," शिट्टीसाहेब भिंतीला टेकून म्हणाला. "सत्तावीसला नऊशे चौऱ्याण्णव होता फळा. चौकोन लाल झाला की टाकी बंद, मग तपासणी, आणि दोष निघाला की नियमाने फळा शून्यावर. मला वाटलं, हजार होऊ दे, मग लगेच पाइप साफ करून घेऊ. त्याला सांगितलं, तुझी तक्रार पोचली. आभार मानून गेला हो तो." त्याने तोंड झाकलं. "तीस तारखेला तो गेला आणि मग मला ती फाइल बघवेना."

"प्रत कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "तुमच्यासारखा माणूस प्रत ठेवल्याशिवाय काही पुसत नाही."

त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढून मॅनेजरच्या हातावर ठेवला.

आकडेवालीने उभ्या उभ्याच काम केलं. आधी तारीख ठेवून डुप्लिकेट काढले, मग शीट उभी केली, मग मोजणी. चार वाजून वीस मिनिटांनी केबिनमधला तिसरा चौकोन लाल झाला. टाकी तीन : ११. मॅनेजरने कोणाकडे न बघता खणातून कुलूप काढलं आणि तो टाकीकडे चालू लागला.

८

पाच वाजता पोलिसांची गाडी आली, ती शिट्टीसाहेबाला घेऊन गेली. फाटकावरच्या फळ्याच्या फिती मुकादमाने ओढून काढल्या होत्या आणि आकड्यांच्या पाट्या उतरवून एकच शून्य लावलं होतं.

थोरल्याच्या बायकोला आता आत सोडलं. धाकटा तिच्या शेजारी उभा होता. ती अधूनमधून त्याच्या बाहीला हात लावून बघत होती.

"किती वेळा लिहिलं होतं त्यांनी?" तिने विचारलं.

"अकरा," बाई म्हणाल्या. "म्हणून बस चुकायची. थापा मारत नव्हता तो."

तिने मान डोलावली. ती स्क्रीनजवळ सरकली. मग म्हणाली, "मला वाचता येत नाही एवढं बारीक. कोणीतरी वाचून दाखवा."

आकडेवाली पुढे झाली. आपण कोण, आपण काय केलं, ते तिने मघाच बाहेर बाकापाशी जाऊन स्वतः सांगितलं होतं. बायकोने तेव्हा तिला काहीच उत्तर दिलं नव्हतं. पोरीने खुर्ची ओढली आणि पहिली ओळ उघडली.

"अठरा तारीख. हवापाइपातून हवा जात नाही. झाकणाशी उभं राहिलं की डोकं फिरतं."

"पुढे."

"एकोणीस तारीख. हवापाइपातून हवा जात नाही. झाकणाशी उभं राहिलं की डोकं फिरतं."

चौथ्या ओळीनंतर पोरगी थांबली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "राहू दे आता. पुढचं सगळं तेच आहे."

"तेच असू दे," थोरल्याची बायको म्हणाली. "वाच. एकही गाळू नकोस."

पोरीने डोळे पुसले आणि पुन्हा पाचव्या ओळीपासून सुरुवात केली. तारीख, मग ती दोन वाक्यं. तारीख, मग ती दोन वाक्यं. एकोणतीस तारखेची ओळ वाचून संपली तेव्हा हजेरीबाईंनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. अकरा ओळी वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.